ग्रंथी शाबूत असताना कॉर्टिसॉल इतके कमी का? अ‍ॅड्रिनलवर चालणाऱ्या पेप्टाइडांविषयी प्रश्न

द्राक्षमळा

नमस्कार. माझे सासरे दिंडोरी तालुक्यात द्राक्षशेती करतात. गुडघेदुखीसाठी ते बरीच वर्षे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या घेत होते आणि त्या गोळ्यांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड होते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ऑक्टोबरच्या छाटणीच्या धांदलीत गोळ्या संपल्या, नव्या आणल्या गेल्या नाहीत, आणि त्यानंतर त्यांना विलक्षण थकवा, मळमळ आणि उभे राहिले की चक्कर असा त्रास सुरू झाला. नाशिकमधील एंडोक्रायनॉलॉजिस्टनी सकाळी ८ वाजता रक्त घ्यायला सांगितले. कॉर्टिसॉल, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे संप्रेरक, २.६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आले, त्या ग्रंथीला हुकूम देणारे पीयूषिकेचे संप्रेरक एसीटीएच ६ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आले, सोडियम थोडे कमी होते, पोटॅशियम मात्र अगदी व्यवस्थित होते. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचीच गोळी, सुरू झाल्यावर त्यांना दोन दिवसांत बरे वाटू लागले. डॉक्टर म्हणाले, "ग्रंथी चांगली आहे, तिला वरून हुकूम येत नाही."

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे अधश्चेतक (हायपोथॅलॅमस), पीयूषिका (पिट्युटरी) आणि अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी ही साखळी मला पाठ आहे. परंतु पाठ्यपुस्तकातील बाणांची आकृती पाहून हा अहवाल उलगडत नाही. एक पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, आली नाही म्हणून एवढी मोठी ग्रंथी गप्प कशी बसते? गप्प बसली तर पोटॅशियम का बिघडले नाही? अ‍ॅड्रिनलला हुकूम देणारे एसीटीएच हे एकच पेप्टाइड आहे की आणखी काही आहेत? एसीटीएचची नळी लॅबच्या मुलाने बर्फात ठेवली आणि कॉर्टिसॉलची तशीच ट्रेमध्ये, याचेही कारण जाणून घ्यायचे आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे, पुतण्या कॉलेज रोडवरच्या जिममध्ये जातो आणि "काका, पेप्टाइड कमी पडतंय तर पेप्टाइडची पावडर घ्या" असे त्याने घरात सांगून ठेवले आहे, त्यामुळे त्याचेही उत्तर मला द्यावे लागणार आहे.

शरीरक्रिया

वैद्यकीय महाविद्यालयात हा विषय मी पुष्कळ वर्षे शिकवला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. डॉक्टरांचे निदान बरोबर आहे. केवळ "ग्रंथी चांगली आहे" या शब्दांना एक पुस्ती जोडायला हवी. हुकूम दीर्घकाळ आला नाही तर ही ग्रंथी चांगली राहत नाही, आक्रसत जाते.

साखळीची सुरुवात अधश्चेतकातील काही चेतापेशींपासून होते. त्या सीआरएच नावाचे ४१ अमिनो आम्लांचे पेप्टाइड तयार करतात. पीयूषिकेला उद्युक्त करणारा असा काही पदार्थ अधश्चेतकात असला पाहिजे, हे १९५५ सालच्या प्रयोगांतून दिसले होते, परंतु तो हाती लागायला पाव शतक गेले. व्हाइली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मेंढ्यांच्या अधश्चेतकांतून तो वेगळा केला आणि त्याची रचना जाहीर केली. त्याच भागातून व्हॅसोप्रेसिन हे ९ अमिनो आम्लांचे पेप्टाइडही पीयूषिकेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांत सोडले जाते. व्हॅसोप्रेसिनचा एकट्याचा परिणाम बेताचा असतो, मात्र सीआरएचच्या जोडीला ते आले की एसीटीएचचे स्रवण दोघांच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त होते. पीयूषिकेतील पेशी पीओएमसी नावाच्या एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे करून त्यांतून ३९ अमिनो आम्लांचे एसीटीएच काढतात आणि रक्तात सोडतात.

या ३९ पैकी पहिली २४ अमिनो आम्ले असली तरी एसीटीएचचे काम पूर्ण होते. म्हणूनच तपासणीसाठी वापरले जाणारे टेट्राकोसॅक्टाइड हे कृत्रिम पेप्टाइड २४ अमिनो आम्लांचेच असते. त्यातही कामाची विभागणी आहे. सहाव्यापासून नवव्या क्रमांकापर्यंतचा तुकडा ग्राहीला, म्हणजे संदेश घेणाऱ्या पेशीवरील प्रथिनाला, जागृत करतो, तर पंधराव्यापासून अठराव्या क्रमांकापर्यंतचा धनभारित तुकडा अ‍ॅड्रिनलच्याच ग्राहीशी जुळण्यासाठी लागतो. हा ग्राही, म्हणजे एमसी२आर, पेशीच्या पृष्ठभागावर एकट्याने पोहोचू शकत नाही. त्याला एमआरएपी नावाचे सोबती प्रथिन लागते. त्या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या मुलांत एसीटीएच भरपूर असते आणि तरीही कॉर्टिसॉल तयार होत नाही, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले.

एसीटीएच ग्राहीला चिकटले की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, प्रोटीन कायनेज ए हे विकर (एन्झाइम) जागे होते आणि स्टार हे प्रथिन कामाला लागते. हे प्रथिन कोलेस्टेरॉलला मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या आवरणापर्यंत पोहोचवते. तेथे पहिले विकर कोलेस्टेरॉलचे प्रेग्नेनोलोन करते आणि पुढच्या काही पायऱ्यांनंतर कॉर्टिसॉल तयार होते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी आपला माल पुटिकांत भरून ठेवतात, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या पेशी मात्र काहीही साठवत नाहीत. त्यांच्यापाशी असतात ते केवळ कोलेस्टेरॉलयुक्त मेदाचे थेंब, ज्यांच्यामुळे कापलेल्या ग्रंथीची साल पिवळी दिसते. रक्तात वाढलेले प्रत्येक मायक्रोग्रॅम कॉर्टिसॉल त्याच वेळी नव्याने घडवलेले असते, त्यामुळे हुकूम थांबला की उत्पादन लगेच खाली येते.

ही झाली काही मिनिटांची गोष्ट. तासांच्या आणि दिवसांच्या हिशोबात एसीटीएच या सर्व विकरांची जनुके चालू ठेवते आणि रक्तातील एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून आणणारे कण, उचलणारे ग्राही वाढवते. आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशोबात ते पेशींचा आकार आणि संख्या टिकवते. प्रेडनिसोलोन अधश्चेतकातील आणि पीयूषिकेतील त्याच ग्राहींवर बसते, ज्यांच्यावर एरवी कॉर्टिसॉल बसते, आणि सीआरएच व पीओएमसी या दोन्हींचे उत्पादन दाबते. हे वर्षानुवर्षे चालले की बाह्यकाचे, म्हणजे ग्रंथीच्या सालीचे, मधले आणि आतले असे दोन्ही थर पातळ होतात. अशा वेळी गोळी अचानक बंद झाली तर वरचा हुकूमही नसतो आणि खालची पेशीही तयार नसते.

पोटॅशियम व्यवस्थित राहिले, कारण बाह्यकाचा सर्वांत बाहेरचा थर वेगळ्या पेप्टाइडाचे ऐकतो. मूत्रपिंडांना मीठ राखायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारे अल्डोस्टेरॉन तयार करणाऱ्या या थरावर अँजिओटेन्सिन-२ या ८ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडाचा आणि खुद्द रक्तातील पोटॅशियमचा मुख्य अंमल चालतो. एसीटीएचचा वाटा तेथे थोडा आहे. हृदयाच्या कर्णिकांतून येणारे एएनपी हे पेप्टाइड याच थराला उलट आवर घालते. मग सोडियम का घटले, असे तुम्ही विचाराल. कॉर्टिसॉल कमी पडले की व्हॅसोप्रेसिनवरचा लगाम सुटतो, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि सोडियम पातळ होते. मीठ वाहून गेल्यामुळे होणारी घट ती वेगळी.

सासऱ्यांच्या त्वचेकडेही एकदा पाहा. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेल्या आजारात ग्रंथीच नष्ट झालेली असते, एसीटीएच आकाशाला भिडते आणि हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुने व्रण काळवंडतात. कारण एसीटीएचची पहिली १३ अमिनो आम्ले रंगपेशींना चेतवणाऱ्या अल्फा-एमएसएचचीच असतात. आपल्याकडे त्या आजारामागे क्षयरोग असू शकतो, म्हणून डॉक्टर ते पाहतातच. तुमच्या अहवालात एसीटीएच कमी असल्यामुळे हा काळवंडलेपणा दिसू नये. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत तळहाताच्या रेषा आणि हिरड्या पाहणे अधिक विश्वासार्ह.

नमुनापेटी

बर्फाविषयी मी सांगते, कारण लॅबमधले ते माझे रोजचे काम आहे. कॉर्टिसॉल हा स्टेरॉइड रेणू आहे, साध्या नळीतील सीरममध्ये तो काही तास सहज टिकतो. एसीटीएच पेप्टाइड असल्यामुळे रक्तातीलच विकरे त्याचे तुकडे करत राहतात आणि खोलीच्या तापमानाला ही मोडतोड वेगाने होते. त्यामुळे जांभळ्या बुचाची ईडीटीएची नळी आधीच गार करून ठेवतात, रक्त घेतल्याबरोबर ती बर्फात जाते, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये प्लाझ्मा वेगळा होतो आणि लगेच गोठवला जातो. नळी प्लास्टिकची असावी लागते, कारण एसीटीएच काचेला चिकटते.

हे लिहिण्याचे कारण असे की निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून दुचाकीवर आलेल्या नमुन्यांत एसीटीएच कमी आले तर ते शरीरात कमी होते की वाटेत कमी झाले, हे आम्हालाही सांगता येत नाही. ग्रंथीच नष्ट झालेल्या रुग्णाचे एसीटीएच अशा उशिरामुळे खोटे कमी दिसले, तर निदान थेट पीयूषिकेकडे वळू शकते. त्यामुळे या तपासणीसाठी जेथे सेंट्रिफ्यूज आहे तेथेच येऊन रक्त द्यावे. आणखी एक बाब म्हणजे, प्रेडनिसोलोन घेत असताना काढलेले कॉर्टिसॉल अनेक यंत्रांवर खोटे जास्त येते, कारण कॉर्टिसॉल ओळखणारे प्रतिपिंड प्रेडनिसोलोनलाही धरते. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या बाबतीत हा घोटाळा सहसा होत नाही. गोळ्या कोणत्या हे ठाऊक नसेल तर पाकीटच लॅबमध्ये घेऊन यावे.

गोदाकाठ

शरीरक्रिया सरांचे विवेचन बाह्यकापुरते उत्तम आहे. मात्र प्रश्न "अ‍ॅड्रिनलला हुकूम देणारी आणखी पेप्टाइडे आहेत का" असा आहे आणि ताणाचे पहिले संप्रेरक ग्रंथीच्या गाभ्यातून, म्हणजे मध्यकातून, येते. त्याला उत्तरात जागाच मिळालेली नाही. माझे संशोधन चेतापेप्टाइडांवर असल्यामुळे ती बाजू मांडते.

मध्यकातील अ‍ॅड्रिनलिन बनवणाऱ्या क्रोमॅफिन पेशींना पीयूषिकेचा हुकूम लागत नाही. पोटातील अवयवांकडे जाणाऱ्या स्प्लँक्निक चेता थेट त्यांच्यापर्यंत येतात आणि अ‍ॅसिटिलकोलीन हे चेतारसायन सोडतात. पाठ्यपुस्तके इथे थांबतात. अडचण अशी की अ‍ॅसिटिलकोलीनचा मारा चालूच राहिला तर त्याचे निकोटिनिक ग्राही काही वेळाने बधिर होतात. पण रक्तातील साखर उतरली तर शरीराला अ‍ॅड्रिनलिन तासभर आणि त्याहून जास्त वेळ हवे असते. ही उणीव पीएकॅप हे पेप्टाइड भरून काढते. १९८९ मध्ये तेही मेंढ्यांच्या अधश्चेतकांतूनच सापडले. त्याचे प्रमुख रूप ३८ अमिनो आम्लांचे आहे. चेता मंद गतीने चालत असताना मुख्यतः अ‍ॅसिटिलकोलीन सुटते, गती वाढली की त्याच टोकांतून पीएकॅप बाहेर पडते. त्याचा ग्राही तसा बधिर होत नाही, त्यामुळे स्रवण टिकून राहते आणि सोबत अ‍ॅड्रिनलिन बनवणाऱ्या विकरांचे उत्पादनही वाढते. पीएकॅपचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना इन्सुलिन दिले असता, सामान्य उंदीर सहन करतात तेवढी साखरेची घटही त्यांना जीवघेणी ठरली, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले. ताण नसताना या उंदरांच्या मध्यकाचे काम इतरांसारखेच चालते. म्हणजे हे पेप्टाइड आणीबाणीसाठी राखून ठेवलेले आहे.

क्रोमॅफिन पेशींच्या कणिकांत अ‍ॅड्रिनलिन एकटे नसते. एनकेफालिने, ३६ अमिनो आम्लांचे न्यूरोपेप्टाइड वाय आणि क्रोमोग्रॅनिन ए हे प्रथिन त्याच कणिकांत असतात आणि त्याच्याबरोबरच बाहेर पडतात. क्रोमोग्रॅनिनचा २१ अमिनो आम्लांचा एक तुकडा, कॅटेस्टॅटिन, बाहेर आला की उलटून निकोटिनिक ग्राहीलाच अडवतो आणि पुढचे स्रवण कमी करतो. सुशील महाता आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे दाखवले. पेशी आपल्या मालाबरोबरच स्वतःचा ब्रेक पाठवते, हे मला आजही विलक्षण वाटते, आणि पदवीच्या अभ्यासक्रमात याला चार ओळीसुद्धा नसाव्यात याचा राग येतो.

आता तुमच्या सासऱ्यांशी याचा संबंध. बाह्यकातून निघालेले रक्त मध्यकातून वाहत जाते, त्यामुळे मध्यकाला कॉर्टिसॉल कितीतरी जास्त प्रमाणात मिळते. नॉरअ‍ॅड्रिनलिनचे अ‍ॅड्रिनलिन करणारे पीएनएमटी हे विकर या कॉर्टिसॉलवरच जगते. एसीटीएच नाही, म्हणून कॉर्टिसॉल नाही, म्हणून पीएनएमटी कमी आणि अ‍ॅड्रिनलिनही कमी, अशी ही ओळ आहे. गोळीने दिलेले हायड्रोकॉर्टिसोन सर्व शरीरात सारखे पसरते, मध्यकाला लागणारी ती तीव्रता त्यातून मिळत नाही. नॉरअ‍ॅड्रिनलिन शिल्लक असते आणि सहानुभूती चेतासंस्था आपले काम करतेच, त्यामुळे रोजच्या व्यवहारात हे जाणवत नाही. साखर उतरण्याच्या प्रसंगी जाणवू शकते.

सरांच्या मांडणीतील एका गोष्टीबद्दल मतभेद नोंदवते. कॉर्टिसॉल केवळ एसीटीएचचेच ऐकते, असा समज त्यातून होईल. वेगळ्या काढून जिवंत ठेवलेल्या डुकराच्या अ‍ॅड्रिनलमध्ये स्प्लँक्निक चेता उद्दीपित केल्यावर एसीटीएचशिवायही कॉर्टिसॉल वाढते आणि त्यात व्हीआयपीसारख्या चेतापेप्टाइडांचा हात असतो. चेतांमुळे बाह्यकाची एसीटीएचविषयीची संवेदनशीलता दिवसाच्या वेळेनुसार बदलते, असेही प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

शरीरक्रिया

मध्यकाची भर योग्यच आहे, मी तो भाग गाळला होता कारण अहवाल बाह्यकाचा होता. मतभेदाबाबत मात्र माझे म्हणणे असे की हे स्थानिक परिणाम खरे असले तरी ते एसीटीएचची जागा घेऊ शकत नाहीत. घेऊ शकले असते तर या गृहस्थांना चक्कर आलीच नसती, कारण त्यांच्या स्प्लँक्निक चेता शाबूत आहेत. ही पेप्टाइडे आवाज लहानमोठा करतात, आक्रसलेल्या थराला पुन्हा उभे करत नाहीत. उंदीर-घुशींचे निष्कर्ष माणसाला लावतानाही सांभाळावे लागते. त्यांच्या बाह्यकात १७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज नसल्यामुळे ते कॉर्टिसॉलऐवजी कॉर्टिकोस्टेरॉन तयार करतात.

अतिदक्षता विभागातील रुग्णांत एसीटीएच कमी असताना कॉर्टिसॉल जास्त दिसते, हे उदाहरण स्थानिक पेप्टाइडांच्या बाजूने नेहमी दिले जायचे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचा मोठा भाग वेगळ्याच कारणाकडे नेला. अशा रुग्णांत कॉर्टिसॉल मोडण्याची गतीच मंदावलेली असते. रक्तातील पातळी जास्त म्हणजे स्रवण तेवढेच जास्त, असे गृहीत धरता येत नाही.

गोदाकाठ

त्या अभ्यासाबद्दल सहमत आहे. डुकराच्या प्रयोगाबद्दल माझे मत कायम आहे, परंतु मूळ प्रश्नासाठी तो वाद आवश्यक नाही.

द्राक्षमळा

सर्वांचे मनापासून आभार. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या पाहिल्या, काळसर नाहीत. आता डॉक्टर काही महिन्यांनी इंजेक्शन देऊन तपासणी करणार आहेत. त्यात नेमके काय पाहतात, आणि तोपर्यंत ग्रंथी सुधारत आहे हे कशावरून ओळखायचे? पुतण्याच्या पावडरीचा प्रश्नही राहिलाच आहे.

शरीरक्रिया

पावडरीचे आधी उरकतो. त्या डब्यातील पेप्टाइडे म्हणजे कोलॅजन किंवा दुधाच्या प्रथिनाचे तुकडे. त्यांत एसीटीएच नसते. आणि एसीटीएच तोंडाने घेतले तरी पोटातील व लहान आतड्यातील विकरे त्याची अमिनो आम्ले करून टाकतील, म्हणून ते इंजेक्शननेच द्यावे लागते. "अ‍ॅड्रिनल फटीग" या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांपासूनही दूर राहा. तसा आजार एंडोक्रायनॉलॉजीच्या संघटना मानत नाहीत, आणि अशा काही पुड्यांत न सांगता स्टेरॉइड घातलेले आढळले आहे. म्हणजे ज्या गोळ्यांनी हे घडले, त्यांचाच दुसरा अवतार.

तपासणीत टेट्राकोसॅक्टाइड २५० मायक्रोग्रॅम देऊन ३० आणि ६० मिनिटांनी कॉर्टिसॉल मोजतात. ते सहज मिळाले नाही तर आपल्याकडे दीर्घकाळ टिकणारे डुकराचे एसीटीएच स्नायूत देऊनही तपासणी केली जाते आणि तिच्या वेळा वेगळ्या असतात. जुन्या यंत्रांवर १८ मायक्रोग्रॅमच्या वर गेले की प्रतिसाद पुरेसा मानत. नव्या, अधिक नेमक्या पद्धतींत ही रेघ थोडी खाली आली आहे, म्हणून अहवालावर पद्धत कोणती ते पाहावे. ही तपासणी खरे तर पीयूषिकेबद्दल थेट काही सांगत नाही. बाह्यक जागे झाले आहे का, एवढेच विचारते, आणि तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत तेच विचारायचे आहे.

सुधारणेचा क्रम मात्र लक्षात ठेवा, कारण मधला अहवाल घाबरवू शकतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांच्या १९६५ मधील पाठपुराव्यात दिसले की आधी अधश्चेतक आणि पीयूषिका सावरतात, एसीटीएच सामान्य पातळीच्याही वर जाते, आणि आक्रसलेले बाह्यक त्याला पूर्ण प्रतिसाद द्यायला आणखी काही महिने घेते. एकूण काळ वर्षभराच्या घरातही जाऊ शकतो. म्हणजे पुढच्या एखाद्या तपासणीत एसीटीएच वाढलेले आणि कॉर्टिसॉल अजून कमी, असे अ‍ॅडिसनच्या आजारासारखे चित्र दिसेल, आणि ते बहुधा ग्रंथी परत उभी राहत असल्याचे लक्षण असेल. त्या काळात ताप आला किंवा शस्त्रक्रिया ठरली तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस किती वाढवायचा, आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शन कोठे घ्यायचे, हे डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या.

नमुनापेटी

एक राहिले. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच, त्यामुळे यंत्राला गोळीतले आणि ग्रंथीतले वेगळे करता येत नाही. आदल्या दिवशीची दुपारची किंवा संध्याकाळची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्या आणि गोळ्यांचा डबा सोबत ठेवा. शेवटचा डोस किती वाजता घेतला तेही फॉर्मवर लिहायला सांगा.